उजव्या बाजूचा उजेड

गोल चौक मागे टाकून गाडी सरळ रस्त्याला लागली आणि उजव्या बाजूला काहीतरी चमकलं. वीज म्हणावी तर ऊन लख्ख पडलेलं. कुणाच्या खिडकीची काच म्हणावी तर आसपास घर नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक करडा खांब होता आणि खांबावर एक करडी पेटी, विजेचा मीटर मावेल एवढी. त्या पेटीतून लालसर उजेड एकदाच आला आणि गेला. तिने पाय असा उचलला, जणू खाली विस्तव होता. काट्याकडे पाहिलं. वेगमर्यादा पन्नासची आणि काटा पन्नासच्या पुढे होता. किती पुढे ते नीट बघेपर्यंत तो मुकाट खाली आला, जसा काही तो कधी वर गेलाच नव्हता.

"गेलं!" ती म्हणाली. "निघाला आपला फोटो."

"कसला फोटो?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने, मास्तरांनी विचारलं.

"कसला काय! आत्ता चमकलं ते. तुमच्याच बाजूला, त्या खांबावर."

मास्तर समोर बघत होते. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, गाडी शिकायला आलेल्या माणसाशेजारी बसायचे तसे. "ऊन असेल," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मला तर काही चमकलेलं दिसलं नाही."

तिने काटा पन्नासच्या खाली धरून ठेवला. परदेश, भाड्याची गाडी, उलट्या बाजूची वाहतूक, आणि त्यात हे. लेकीने फोनवर बजावून सांगितलं होतं, "आई, इकडे कॅमेरे असतात हं. काही दिसतात आणि काही दिसत नाहीत." या दुसऱ्या वाक्याने घात केला. दिसणाऱ्याला माणूस जपेल, न दिसणाऱ्याला कुठे जपणार? गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवरच्या मुलीनेही किल्ली देण्याआधी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली, ती तिच्याकडे वळवली आणि गोड हसली. म्हणजे, बाई, तुमच्यावर नजर आहे. विमानतळ सुटल्यापासून तिला जळी स्थळी कॅमेरे दिसत होते. पक्ष्यांसाठी झाडाला टांगलेलं लाकडी घर कॅमेरा वाटलं. एका फाटकावरचा टपालाचा डबा कॅमेरा वाटला. एका गावात कठड्यावर बसलेली करडी मांजर लांबून इतकी हुबेहूब कॅमेरा वाटली की तिने गाडी चालण्याच्या वेगावर आणली आणि मागच्याने हॉर्न वाजवला. मांजरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "काय झालं गं?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही, मांजर." आता तिला आठवलं, मांजर मास्तरांच्याच बाजूला होती. हात लांब केला असता तर शेपटी हातात आली असती.

खरं तर कॅमेऱ्याला घाबरण्याचं तिला काय कारण? सगळा जन्म तिने त्याच्या मागच्या बाजूला काढलेला. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या एक्स-रेच्या खोलीत, जाड काचेमागे उभं राहून. काचेपलीकडे माणूस उघड्या छातीने थंडगार पाटीला चिकटून उभा, आणि ती तेच चार शब्द म्हणायची. श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा. मंत्री असो की माथाडी, सगळे तिच्या शब्दाबरोबर श्वास रोखायचे. काही जण 'सोडा' म्हटल्यावरही सोडायचे नाहीत, तसेच लाल होऊन उभे राहायचे, मग ती काचेवर टकटक करून म्हणायची, "अहो, सोडा की, झालं." तेव्हा तिला हसू यायचं. आता तिच्या लक्षात आलं की खांब दिसला की आपणही श्वास रोखतो. सकाळपासून रोखतोय. छाती दुखते आहे ती त्यानेच. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि भीती थोडी ओसरल्यावर तिला वेगळंच कुतूहल वाटायला लागलं. काय दिसत असेल त्या फोटोत? हाडं तर नक्कीच नाहीत. एक पांढरी गाडी, काचेमागे दोन तोंडं. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बसला असेल, दिवसभर असली तोंडं बघत. त्याला काय वाटत असेल? कुणी जांभई देताना सापडत असेल, कुणी भांडताना, कुणी गाताना. तिच्या फोटोत एक घाबरलेली बाई असेल आणि तिच्या शेजारी, उजेड जिकडून आला त्या बाजूला, एक म्हातारा. उजेड कुठून येतो याचा विचार तिला आपोआप सुचायचा, पोळी करणारीला पिठाचा अंदाज असतो तसा. पेटी पुढे उजव्या हाताला होती. म्हणजे उजेड आला तो समोरून आणि उजवीकडून. म्हणजे तिच्यापर्यंत यायच्या आधी तो मास्तरांच्या तोंडावर पडला. मास्तरांच्या गालावरून, चष्म्यावरून पुढे येऊन मग तिला दिसला.

आणि मास्तर म्हणतात, काही चमकलं नाही.

इथे तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मास्तरांना सगळं गाव क्लचमास्तर म्हणायचं. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. त्यांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय म्हणजे शिकणाऱ्याचं नशीब. "आरसा, आरसा, मग रस्ता," हा त्यांचा पाढा. आणि आरसा बघायचा तो नुसते डोळे फिरवून नाही, तर मान वळवून. "तू बघितलंस हे परीक्षा घ्यायला बसलेल्या साहेबाला दिसायला पाहिजे," ते सांगायचे. "डोळे फिरवलेस तर त्याला काय कळणार? मान वळव, अशी, कोंबडीसारखी." त्यांची मुलं-मुली परीक्षेत अशा माना वळवायची की साहेब ओळखायचा, ही क्लचमास्तरांची. तिलाही त्यांनीच शिकवलं, पण सगळ्यांच्या शेवटी. शेजारी बसून, पाय ब्रेकवर ठेवून. त्यामुळे गाडी आपण चालवली की त्यांनी, हे तिला कधीच नीट कळलं नव्हतं. आणि त्याच माणसाने विमानतळावर किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "तू चालव. मला हे उलटं उजवं-डावं या वयात जमायचं नाही." ज्याने एकदा लग्नाच्या मांडवातून ट्रक उलटा बाहेर काढला होता, एक खांब न पाडता! तिला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं. चला, उशिरा का होईना, विश्वास बसला.

बरं वाटण्याचीच तिला गेल्या वर्षात सवय लागली होती. मास्तरांनी शाळा बंद केली, "कंटाळा आला" म्हणून. त्यानंतर ते बदलले. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी समोर बघून बोललेला. गाडीत तर बोलायचेच, पण घरीसुद्धा, खुर्चीत बसून, समोरच्या भिंतीकडे बघत, जणू भिंतीतून रस्ता जातोय आणि कुठूनतरी सायकलवाला आडवा येणार आहे. "भाजीत मीठ कमी आहे," हे भिंतीला सांगायचे. "लेकीचा फोन आला होता," हेही भिंतीलाच. आणि गेल्या वर्षी एकदम मान वळायला लागली. ती ओट्यापाशी असली की खुर्चीत वळून, सगळा चेहरा तिच्याकडे करून बोलायचे. बोलून झालं तरी थोडा वेळ तसेच बघत राहायचे. पहिल्यांदा तिच्या हातून उलथनं पडलं होतं. "काय झालंय?" तिने विचारलं होतं. "कुठे काय?" "नाही, अशी मान वळवलीत. परीक्षा आहे का आज?" मास्तर हसले होते, तिच्याकडे बघूनच. मग संध्याकाळी फिरायला जाताना तिचा कोपर धरायला लागले. रस्त्यात! लोकांसमोर! तिने इस्पितळातल्या मैत्रिणीला, वॉर्डातल्या नर्सला सांगितलं, "आमच्यांना म्हातारचळ लागलाय." नर्स म्हणाली, "लागू दे. नशीब काढलंस." आणि तिने, कुणाला न सांगता, कपाटातली सोन्याची डुलं काढून कानात घातली होती. एवढी वर्षं ती नुसती पेटीत पडून होती, कारण बाजूने कोण बघणार होतं?

आत्ताही ती डुलं कानात होती. गाडी शेतांमधून चालली होती, काटा पन्नासच्या खाली. तिच्या आत मात्र गेलं वर्ष सगळं पुन्हा एकेक करून उजेडाच्या पेटीवर लागत होतं, धुतलेल्या फिल्मसारखं. दाराच्या चौकटीला लागलेला खांदा. "या सुताराने दार अरुंद केलंय," असं इतक्या वर्षांनी सुचलेलं. टेबलावर कडेला ठेवलेले आणि कलंडलेले पेले. विमानतळावर बाजूने आलेली बाई आणि तिची बॅग, दोन्हींवर आदळलेले मास्तर, आणि त्या बाईलाच "बघून चाला" म्हणालेले. तेव्हा ती हसली होती. प्रत्येक वेळी हसलीच होती. कोपर धरणं जिन्यात होतं, रस्ता ओलांडताना होतं, आणि ओसाड मैदानात नव्हतं. हे तिला आत्ता दिसलं. तिला एकदम इतकं वाईट वाटलं की समोरचा रस्ता पाणावला. डोळ्यांचं दुखणं असेल तर त्याचं वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण तिला आधी वाईट वाटलं ते मान वळवण्याचं. ते दुखणंच असेल तर मग ते वर्ष तिचं नव्हतंच.

तिने स्टिअरिंगवरचा उजवा हात हळूच सोडला, मास्तरांच्या कानाच्या थोडा पुढे नेला आणि बोटं हलवली. मास्तर समोर बघत होते. एक पापणी हलली नाही. पण यावर विश्वास कसा ठेवायचा? हा माणूस मुळात न हलणाऱ्यातला. शिकणाऱ्याने गाडी ओढ्याकडे नेली तरी चेहऱ्यावरची माशी उठू द्यायचे नाहीत. कदाचित दिसलं असेल आणि मनात म्हणत असतील, आरसा नीट करतेय. तिच्या खोलीतला नियम होता, फुप्फुसावर सावली दिसली तर लगेच घाबरायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. हलला असेल माणूस, शर्टाचं बटण असेल. शंका आली तर त्याच बाजूने दुसरा फोटो काढायचा.

दुसरा.

हे सुचलं आणि ती स्वतःशीच दचकली. नाकासमोर बघून चालणारी बाई ती. रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारी. पण उजेड हवा तर तो त्या पेटीकडेच होता, आणि पेटी तो फुकट देत नाही.

एवढा वेळ ज्याची धास्ती घेतली तो खांब आता ती डोळ्यांत तेल घालून शोधायला लागली, आणि अर्थातच तो कुठे दिसेना. पाणी भरायचं म्हटलं की नळ जातो त्यातलाच प्रकार. पक्ष्यांची घरं दिसली ती पक्ष्यांचीच होती. टपालाचे डबे टपालाचेच होते. एका पेट्रोल पंपावर त्यांनी कॉफी घेतली. पोरगेल्या वेटरने मास्तरांचा कप त्यांच्या उजव्या कोपराशी ठेवला. मास्तर समोर बघत बसून राहिले.

"घ्या ना," ती म्हणाली.

"येऊ दे की."

तिने कप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. मास्तर कपाकडे बघत राहिले. "त्या फोटोचं लेकीला सांगू नकोस," ते म्हणाले. "उगाच घोर लावून घेईल."

"तुम्ही तर म्हणालात ऊन होतं."

"ऊनच असणार. तरी नको सांगू." मग सगळा चेहरा तिच्याकडे वळवून म्हणाले, "छान चालवतेस हां. गिअर टाकताना आवाज येत नाही."

हेच, हेच ते. एरवी ती या वाक्यावर आठवडाभर जगली असती. आता ती त्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली, एक्स-रेची प्लेट बघावी तशी, आणि तिला काही म्हणजे काही कळेना. डोळे होते तसेच होते. तपकिरी, थोडे मिश्कील, नीट तिच्यावर रोखलेले. प्रेमाने बघणारे डोळे आणि शोधत बघणारे डोळे बाहेरून सारखेच दिसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुन्हा निघाल्यावर रस्ता एका लांब उतारावर आला. दोन्हीकडे कापलेली शेतं, माणूस नाही, जनावर नाही, मागे-पुढे गाडी नाही. आणि उजवीकडे आधी पाटी आली, तिच्यावर कॅमेऱ्याचं चित्र. त्यानंतर पन्नासचा आकडा, लाल गोलात. लांबवर खांब. करडा. या वेळी मांजर नव्हती. तिला वाटलं, गाडी आपसूक हळू होईल, पाय ऐकणार नाही. पण पाय खाली गेला. इंजिनाचा आवाज चढला. मास्तरांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला गेला, जिथे ब्रेक असायला हवा होता आणि नव्हता.

"अगं," मास्तर म्हणाले. "काय चाललंय?"

तिने श्वास घेतला. रोखला. आणि खांब जवळ आला तेव्हा रस्ता सोडून, मान पुरती वळवून, मास्तरांकडे पाहिलं.

उजेड आला. तिने तो येताना बघितला, त्यांच्या गालावर, कानाजवळच्या पांढऱ्या केसांवर, चष्म्याच्या काडीवर. तोंडावर कुणी गुलाल टाकावा इतका तो स्पष्ट होता. आणि त्याच्या मधोमध मास्तरांचे डोळे उघडे, स्थिर, समोर. पापणी हलली नाही. दचकणं नाही, मिटणं नाही. एवढी स्वच्छ प्लेट तिने सगळ्या नोकरीत काढली नव्हती.

ती पुन्हा रस्त्याकडे वळली. पाय काढला. गाडी हळू होत होत चालीवर आली.

"श्वास सोड," मास्तर म्हणाले.

तिने सोडला. तो इतका मोठा होता की काचेवर वाफ धरली.

"आला होता ना उजेड?"

"तुम्हाला दिसला?"

"नाही." ते समोर बघत होते. "पण गाडी उजवीकडे ओढली गेली. मान वळली की गाडी वळते, किती जणांना सांगितलं असेल मी. एवढ्या जोरात जाऊन तू माझ्याकडे कशाला बघशील? म्हटलं, चला, सापडलो."

"काचबिंदू?"

"तेच म्हणतात डॉक्टर. समोरचं आहे. बाजूचं गेलं, दोन्हीकडचं. थेंब घालतो मी, तू ड्यूटीवर गेलीस की. आहे तेवढं टिकेल म्हणाले." ते थांबले. "शिकायला येणारी एक बाई होती. शाळेच्या गल्लीत बाजूने सायकल आली. तिने ब्रेक मारला. मी नाही, तिने. दुसऱ्या दिवशी शाळा बंद केली."

तिला खूप राग आला. दिवस दिवस इस्पितळात राबणाऱ्या बायकोपासून लपवलं, ताकास तूर लागू दिली नाही, आपल्याच इस्पितळात डोळ्यांचा विभाग जिन्याच्या वर आहे, तिथला डॉक्टर आपल्या हाताचा चहा पितो. हे सगळं तिला म्हणायचं होतं आणि पुढे ती म्हणणारही होती, लेकीकडे पोचेपर्यंत त्याला रस्ताही पुष्कळ होता. पण तोंडातून भलतंच निघालं.

"म्हणजे माझ्याकडे मान वळवून बोलायचात ते याच्यासाठी."

"हो. नुसते डोळे फिरवून तू दिसत नाहीस आता."

झालं. कळायचं ते कळलं. ती समोर बघत राहिली. कानातली डुलं एकदम जड वाटली. घरी गेल्यावर पेटीत ठेवून द्यायची, असं तिने ठरवलंसुद्धा. आणि मग शेजारून मास्तरांच्या सीटचा आवाज आला. ते आख्खे वळले होते, पट्टा ताणून.

"पण काय गं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच नवल होतं, जसं काही त्यांनाही ते आत्ताच सुचत होतं. "मला ऐकू तर नीट येतं. मिठाचं सांगायला तू दिसायला कशाला हवीस?"

पुढे पुन्हा एक पाटी होती, कॅमेऱ्याची. लांब खांब दिसत होता. कुठल्यातरी खोलीत बसलेला तो माणूस तिला आठवला. त्याच्याकडे मघाचा फोटो पोचला असेल. त्यात रस्ता सोडून नवऱ्याकडे टक लावून बघणारी एक म्हातारी असेल. तो म्हणेल, या वयात!

"समोर बघा," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील."

"रस्ता तू बघ," मास्तर म्हणाले आणि मान वळवली होती ती तशीच ठेवली.

तिने काटा पन्नासच्या आत आणला. मग एक हात सोडून, त्यांच्या बाजूच्या कानातलं डूल सरळ केलं.